गाळलेला शब्द

रहस्यकथा म्हणजे रिकाम्या वेळेची करमणूक, तिचा विचार तो काय करावयाचा, असे आमच्या वयाच्या पुष्कळ गृहस्थांचे मत असते. आम्ही त्या मताचे कधीच नव्हतो. शिक्षकी पेशात असताना मागच्या बाकावर, भूगोलाच्या पुस्तकाआड, बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळापहाड सापडला म्हणजे तो आम्ही जप्त करीत असू खरे. परंतु रात्री तो वाचून काढून दुसऱ्या दिवशी ज्याचा त्यास परतही करीत असू. मुलाला जी गोष्ट लपवून वाचावीशी वाटते तिच्यात काहीतरी असतेच, आणि ते काय हे समजून घेणे हा शिक्षकाच्या कामाचाच भाग होय.

हल्ली या कथा निराळ्या वाटेने घरात येतात. आमच्या घरी नव्या पिढीची मंडळी रात्रीची जेवणे आटोपल्यावर पडद्यावर जपानी रहस्यकथा लावून बसतात. भाषा जपानी, खाली अक्षरे इंग्रजी, आणि पाहणारे कोल्हापूरचे! अशा कथांपैकी एक प्रकार आमच्या विशेष ध्यानात राहिला आहे. एखादा तरुण घरातून नाहीसा होतो. शोध घेता घेता डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका पंथाचा मठ लागतो. तेथे शुभ्र वस्त्रांतील हसतमुख माणसे, मंद स्वरातील जप, आणि भिंतीपलीकडे प्रेते. एक थकलाभागला पोलीस अधिकारी एकेक धागा उलगडीत जातो, आणि शेवटच्या अर्ध्या तासात पंथाच्या प्रमुखाचा मुखवटा गळून पडतो. बघणारे सुस्कारा सोडतात व दिवा मालवून झोपावयास जातात.

जपानात अशा कथा वारंवार का रचल्या जातात, त्याचे कारण पुढे येईलच. आम्हांस आज वाचकांपुढे मांडावयाचे आहे ते इतकेच की, अशी एक कथा आपल्या महाराष्ट्रात प्रत्यक्ष घडली आहे, आणि तिचा शेवट मात्र त्या सुस्काऱ्यासारखा झालेला नाही.

तत्पूर्वी थोडे मागे जाऊ. संस्कृत वाचकांस हा विषय मुळीच नवा नाही. विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने आपल्या 'मालतीमाधव' प्रकरणाच्या पाचव्या अंकात हेच दृश्य रंगविले आहे. अघोरघंट नावाचा कापालिक, त्याची शिष्या कपालकुंडला, स्मशानालगतचे कराला देवीचे मंदिर, आणि मंत्रसिद्धीसाठी बळी द्यावयास आणलेली मालती. ऐन वेळी माधव तेथे पोहोचतो व अघोरघंटास ठार करतो. हा अंक शिकविताना मुले श्वास रोखून ऐकत. परंतु एक गोष्ट त्यांच्या सहसा लक्षात येत नसे, ती आम्ही मुद्दाम विचारीत असू : माधव त्या रात्री स्मशानात कशासाठी आला होता? तो मालतीला सोडविण्यासाठी आलेला नव्हता. मालती आता आपल्याला मिळत नाही, सरळ मार्गाचे सर्व उपाय खुंटले, असे पाहून भुताखेतांस नरमांस विकून त्यांची कृपा संपादावी, या हेतूने तो हाती मांस घेऊन आला होता. म्हणजे ज्या स्मशानात खलपुरुष आला त्याच स्मशानात नायकही आला, आणि दोघांनाही तेथे आणणारी वस्तू एकच, मनातली अनावर इच्छा. भवभूतीने हे सांगून ठेवले आहे. आपण मात्र जटा, कवट्या व खड्ग एवढेच पाहतो आणि असले लोक ओळखू येतात म्हणून निर्धास्त होतो.

मानवत येथे कोणी जटा वाढविलेल्या नव्हत्या.

मानवत हा मराठवाड्यातील परभणी जिल्ह्याचा गाव, कापसाच्या व्यापाराबद्दल प्रसिद्ध. १९७२ साल हे महाराष्ट्राच्या स्मरणात दुष्काळाचे साल म्हणून कोरले गेले आहे. आम्ही तेव्हा जुन्या मॅट्रिकच्या उंबरठ्यावर होतो. पंचगंगेच्या कृपेने कोल्हापुरास त्या दुष्काळाची झळ तितकी पोहोचली नाही. परंतु रेशनच्या दुकानातील तांबड्या मिलोच्या भाकरीची चव आमच्या पिढीच्या जिभेवरून अद्याप गेलेली नाही. खडी फोडणाऱ्या बायामाणसांची छायाचित्रे वृत्तपत्रांत रोज येत, आणि त्याच पानांवर मानवतच्या बातम्या येऊ लागल्या. नोव्हेंबर १९७२ पासून जानेवारी १९७४ पर्यंत, म्हणजे सुमारे चौदा महिन्यांत, त्या एका गावच्या परिसरात एकामागून एक खून पडत गेले. मारल्या गेलेल्यांत दहा वर्षांच्या आसपासच्या मुली होत्या, संसारी स्त्रिया होत्या, कडेवरचे मूलही होते. काहींच्या देहांची केलेली विटंबना अशी होती की ती बातमी वडीलधारी मंडळी आमच्यासमोर मोठ्याने वाचीत नसत. आमची आजी तेवढ्या ओळी वगळून पुढे वाचावयास सांगे, आणि मग रात्री देवापुढे दिवा लावताना बराच वेळ उभी राही.

स्थानिक पोलिसांस थांग लागेना, तेव्हा मुंबईहून रमाकांत कुलकर्णी या अधिकाऱ्यांस पाचारण करण्यात आले. १९६८ मध्ये मुंबईच्या पदपथांवर झोपलेल्या गोरगरिबांस ठार मारणाऱ्या रामन राघवच्या प्रकरणाचा तपास त्यांनीच केलेला होता. पुढे त्यांनी आपल्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या, आणि २०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' या नावाने ते प्रकरण पडद्यावरही आले. तपासातून सरकार पक्षाने न्यायालयापुढे जी हकीकत मांडली ती थोडक्यात अशी : गावातील एक वजनदार धनिक पुढारी, त्याच्या आश्रयाने राहणारी एक स्त्री, तिला मूल हवे होते आणि दोघांनाही वाड्यातील गुप्तधन हवे होते. पिंपळावरील मुंज्याचा त्या धनावर पहारा आहे आणि त्यास विशिष्ट प्रकारचा बळी दिल्याखेरीज धन हाती लागणार नाही, असे सांगितले गेले, आणि ते सांगणे मानून माणसे कामास लागली.

त्या पुढाऱ्याचे व त्या स्त्रीचे नाव आम्ही येथे देत नाही. ती नावे सर्वत्र छापून आलेली आहेत, परंतु न देण्यास कारण आहे. खालच्या न्यायालयाने दोषी ठरविलेली ही दोघे उच्च न्यायालयात निर्दोष सुटली, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मुक्तता कायम ठेवली. प्रत्यक्ष हत्येत ज्यांचा हात सिद्ध झाला अशा काहींवरील दोष मात्र टिकला. हा निकाल न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या लेखणीतून उतरला आहे, आणि कायद्याचे विद्यार्थी तो आजही अभ्यासतात. का अभ्यासतात, हे समजून घेण्याजोगे आहे.

कटात स्वतः सामील असलेला मनुष्य जेव्हा शिक्षेतून सुटण्याच्या आश्वासनावर इतरांविरुद्ध साक्ष देतो, तेव्हा त्यास माफीचा साक्षीदार म्हणतात. असा साक्षीदार सर्व काही जाणतो, म्हणून मोलाचा. आणि स्वतःची मान सोडवून घेत असतो, म्हणून धोक्याचा. त्या वेळी लागू असलेल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात यासंबंधी दोन कलमे होती. एक म्हणे, अशा साक्षीवर शिक्षा दिल्यास ती केवळ त्या कारणाने बेकायदेशीर ठरत नाही. दुसरे म्हणे, महत्त्वाच्या बाबतींत दुसरीकडून दुजोरा मिळाल्यावाचून असा साक्षीदार विश्वासास पात्र नाही, असे न्यायालयाने गृहीत धरण्यास हरकत नाही. दोहोंचा मेळ घालून न्यायालयाने धरलेला दंडक असा की, दुजोरा हवा. आणि तो नुसता 'गुन्हा घडला' एवढ्यापुरता नव्हे, तर 'हा विशिष्ट आरोपी त्यात होता' येथपर्यंत हवा. मानवतच्या प्रकरणात प्रत्यक्ष घाव घालणाऱ्यांपैकी काहींच्या बाबतीत असा दुजोरा मिळाला. आज्ञा देणारे म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखविले गेले, त्यांच्या बाबतीत तो मिळाला नाही.

त्या काळी पारापारांवर लोक संतापले. एवढे खून पाडून मोठी माणसे सुटली, असे म्हणू लागले. तो संताप आम्ही समजू शकतो. तथापि वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. मानवतमध्ये जे घडले त्याचे मूळ काय? कोणी तरी सांगितले आणि दुसऱ्यांनी ते पुरावा न मागता मानले, हेच ना? मग त्या गुन्ह्याचा न्याय करावयास बसलेल्या न्यायालयानेही 'लोक सांगतात' एवढ्यावर माणसे फासावर चढवावीत, ही अपेक्षा कशी योग्य ठरेल? मुंज्या पहारा करतो यास पुरावा काय, हा प्रश्न त्या वाड्यात कोणी विचारला असता तर मुली जगत्या. आज्ञा यांनीच दिली यास पुरावा काय, हा प्रश्न न्यायालयाने विचारला म्हणून ते न्यायालय. आज्ञा कोणाची होती, हे कायद्याच्या दृष्टीने अखेर सिद्ध झालेच नाही. रहस्यकथेच्या शेवटच्या पानावर जे नाव असते, ती जागा येथे कोरी आहे.

परंतु मुखवट्यामागे कोण, या प्रश्नाहून मोठा प्रश्न पुढेच राहतो : जी माणसे गेली, ज्यांनी हत्यार धरले, त्यांनी ऐकले का? 'अडाणी होती म्हणून' असे उत्तर सुशिक्षित घरांत झटकन दिले जाते. आपल्या मासिकाच्या वाचकांसही ते सोयीचे वाटेल, कारण आपण अडाणी नव्हे. या सोयीच्या उत्तराचा जपानने निकाल लावला आहे.

२० मार्च १९९५, सोमवार. टोकियो शहराच्या भुयारी आगगाड्यांत सकाळची कचेरीची गर्दी. तीन मार्गांवरील पाच गाड्यांत पाच माणसे चढली. प्रत्येकाजवळ वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि टोक घासून अणकुचीदार केलेली छत्री. ठरल्या वेळी त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या, छत्रीच्या टोकाने भोसकल्या आणि ते उतरून गेले. पिशव्यांत सरीन नावाचे द्रवरूप विष होते. त्याची वाफ मज्जासंस्थेस गाठते. तेरा माणसे दगावली. पंचवीस वर्षे अंथरुणास खिळून राहिलेली एक स्त्री २०२० मध्ये वारली, ती चौदावी. बाधा झालेल्यांची संख्या हजारांत होती. हे करणारा पंथ म्हणजे ओम शिनरिक्यो, आणि त्याचा प्रमुख शोको असाहारा, योगाचे वर्ग चालविता चालविता गुरुपदास पोहोचलेला मनुष्य. हिमालयात आपणांस अंतिम ज्ञान झाले, असे तो सांगत असे. पंथाच्या नावातील पहिला शब्द आपला ओंकारच. अनुयायी गळ्यात जे चिन्ह बाळगीत, त्यास ते 'पुरुष' म्हणत, तोही आपलाच शब्द. ज्या अक्षराने आम्ही आयुष्यभर पाठास आरंभ केला, ते अक्षर त्या पिशव्यांपर्यंत जाऊन पोहोचलेले पाहून एका जुन्या संस्कृत शिक्षकाच्या मनास काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आणि ती पाच माणसे कोण होती? त्यांतील एक, इकुओ हायाशी, हृदयावर शस्त्रक्रिया करणारा निष्णात वैद्य होता. इतरांत पदार्थविज्ञान व अभियांत्रिकी शिकलेले तरुण होते. विष तयार करणाराही उत्तम विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेला होता. ज्यांना अणूची रचना ठाऊक, त्यांच्याच पंथात गुरूच्या स्नानाचे पाणी तीर्थ म्हणून पैसे मोजून प्याले जाई. तेव्हा मिलोच्या भाकरीवर दिवस काढणारा मानवतचा दरिद्री मनुष्य आणि टोकियोचा शस्त्रवैद्य यांच्यामधील अंतर शिक्षणाने मोजता येत नाही. एकास गुप्तधन हवे होते, दुसऱ्यास मोक्ष. दोघांसही ते लवकर आणि खात्रीने हवे होते. आणि दोघांसही असा कोणी तरी भेटला, की ज्याने खात्री दिली व बदल्यात एकच वस्तू मागितली : यापुढे विचारावयाचे नाही.

जपानातील तपासाचाही एक धडा आहे. टोकियोच्या आधी, २७ जून १९९४ च्या रात्री, मात्सुमोतो या गावी याच पंथाने हेच विष सोडले होते. तेव्हा संशय कोणावर गेला? ज्याने पहिली वर्दी दिली त्या शेजारच्या गृहस्थावर, ज्याची स्वतःची पत्नी त्याच विषाने बेशुद्ध पडलेली होती. वृत्तपत्रांनी त्या निरपराध माणसाचे जिणे मुश्किल केले. पोलीस चुकीच्या दारावर धक्के देत असताना खरे गुन्हेगार नऊ महिने मोकळे राहिले. त्याही आधी, नोव्हेंबर १९८९ मध्ये, त्सुत्सुमी साकामोतो या तरुण वकिलाची, त्याच्या पत्नीची व तान्ह्या मुलाची घरात शिरून हत्या झाली. या वकिलाचा अपराध कोणता? ज्यांची मुले पंथात नाहीशी झाली होती अशा आईबापांच्या वतीने तो पंथास प्रश्न विचारीत होता. त्यांची प्रेते सापडावयास १९९५ चा सप्टेंबर उजाडला. असाहारा व त्याचे बारा साथीदार जुलै २०१८ मध्ये फासावर गेले. जपानी लेखक ही कथा पुन्हा पुन्हा का लिहितात, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. फाशी झाली तरी 'शिकली सवरलेली मुले गेली का?' या प्रश्नाचे उत्तर मिळालेले नाही, म्हणून ते लिहितात.

आमचे उत्तर आम्हांस भगवद्गीतेत सापडले, आणि तेही सर्वांच्या पाठातील जागी. चौथ्या अध्यायात ज्ञान कसे मिळवावे ते सांगताना भगवंतांनी तीन गोष्टी क्रमाने सांगितल्या आहेत : प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. गुरूस नमस्कार करावा, गुरूची सेवा करावी, हे तर प्रत्येक मठ, प्रत्येक आश्रम आपणांस सांगतो. परंतु या दोहोंच्या मध्ये परिप्रश्न आहे. नुसता प्रश्नही नव्हे. 'परि' हा उपसर्ग लावलेला आहे. सर्व बाजूंनी, फिरून फिरून, समाधान होईपर्यंत विचारणे. ज्या अर्जुनास हे सांगितले, तो रणांगणावर अठरा अध्याय विचारीतच होता. आणि त्यास शेवटी सांगितले गेले ते हेच की, सर्व ऐकलेस, आता विचार कर व तुला वाटेल तसे कर. यमाच्या दारी बसलेल्या नचिकेत्यास यमाने नाना प्रलोभने दाखविली, तरी त्या पोराने प्रश्न सोडला नाही, आणि त्याबद्दल यम त्याच्यावर रागावला नाही, प्रसन्नच झाला.

आम्ही चौथीच्या मुलांस 'गाळलेल्या जागा भरा' असा प्रश्न घालीत असू. हिंसेपर्यंत जाणारा प्रत्येक पंथ याच्या उलट काम करतो. तो भरलेल्या वाक्यातून मधला शब्द गाळतो. प्रणिपात ठेवतो, सेवा ठेवतो, परिप्रश्न काढून टाकतो. आणि वाक्य पूर्वीसारखेच पवित्र दिसत राहते. ऐकणारा म्हणतो, हे तर आपल्या धर्मातलेच आहे.

हे आम्ही केवळ पुस्तकातून बोलत नाही. आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा अभियंता आहे. पगार उत्तम, स्वभाव शांत. चार वर्षांमागे तो दूरच्या एका शहरातील साधनाकेंद्रात जाऊ लागला. प्रथम रविवारी, मग सर्व सुट्ट्यांत. मग नोकरी सुटली. मग राहते घर विकून आलेली रक्कम केंद्रास गेली. बहीण आमच्याकडे येऊन म्हणाली, "दादा, तो वाईट काही करत नाही रे. व्यसन नाही, भांडण नाही. पण काहीही विचारलं की हसतो नुसता." तो घरी आला असता आम्हीही विचारून पाहिले. म्हणाला, "मामा, ते विचारायचं नसतं. विचारणं हाच अहंकार." त्या केंद्रात काही अघोरी चालते असे आम्ही मुळीच म्हणत नाही, तसा पुरावा आमच्यापाशी नाही, आणि पुराव्यावाचून बोलू नये हे वर आम्हीच लिहिले आहे. परंतु मधला शब्द तेथे गाळलेला आहे, एवढे त्या एका वाक्याने आम्हांस कळले.

घरात दोन मते पडली. एक मत असे की, त्यास फैलावर घ्यावे, येणे-जाणे तोडावे. आमच्या घरातून निराळा विचार निघाला : "दार लावलं तर तो विचारायला येणार कुणाकडे?" तो आम्हांस पटला. तेव्हापासून दर महिन्यास आम्ही त्यास एक पोस्टकार्ड लिहितो. उपदेश नाही, निंदा नाही. खुशाली, आणि शेवटी एक प्रश्न. केवळ एकच. सतरा कार्डे गेली. चार उत्तरे आली. चौदाव्या कार्डात आम्ही विचारले होते की, साधकांनी दिलेल्या पैशाचा हिशोब वर्षअखेर साधकांस दाखविला जातो काय? दोन महिन्यांनी उत्तर आले, ते दोनच ओळींचे : हा प्रश्न मी तेथे विचारला; उत्तर मिळाले नाही. पुढे काय होईल ते सांगता येत नाही. बहिणीने ते कार्ड देवघरातील फळीवर ठेवले आहे.

कायदा काही करीत नाही काय? करतो. नरबळी व अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला. पण त्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी पुण्यात गोळ्यांस बळी पडले, आणि त्यानंतर वटहुकूम निघाला. २०२४ च्या मे महिन्यात त्या खटल्याचा निकाल लागला; गोळ्या झाडणाऱ्या दोघांस जन्मठेप झाली व तिघे पुराव्याअभावी सुटले. आमच्या कोल्हापुरात १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून घरी परतणाऱ्या गोविंद पानसरे यांच्यावर व त्यांच्या पत्नीवर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेस पानसरे गेले. त्या कृत्यामागे कोण, हे ठरविणे न्यायालयाचे काम. आम्ही त्याविषयी तर्क करणार नाही. पानसऱ्यांची सर्व मते आम्हांस मान्य होती असेही नाही. परंतु ते प्रश्न विचारीत, आणि प्रश्नास उत्तर देता येते किंवा देता येत नाही. त्यास गोळी हे उत्तर नव्हे, हे ज्या गावाने कळवळून म्हटले त्या गावात आम्ही राहतो.

आणि याच गावात आणखी एक गोष्ट घडून गेली आहे, ती आपल्यासारख्या घरांनी विसरू नये. १८९९ च्या सुमारास पंचगंगेच्या घाटावर शाहू छत्रपतींनी विचारले की, आमच्या स्नानाचे मंत्र वेदोक्त का नाहीत? पुढे वेदोक्त प्रकरण म्हणून जे गाजले त्याचे मूळ हा एक प्रश्न. त्यास शास्त्राधाराने, शांतपणे उत्तर देण्याऐवजी आपल्या समाजातील पुष्कळांनी राग दिला. मधला शब्द गाळण्याची खोड केवळ स्मशानातल्या कापालिकांची नाही. ती शाळेत शिरते, घरात शिरते, पक्षात शिरते. बापाच्या, मास्तराच्या व पुढाऱ्याच्या आवाजात शिरते. पंथाच्या दारी मूल पोहोचते तेव्हा न विचारण्याची सवय ते पुष्कळदा घरूनच घेऊन गेलेले असते.

म्हणून आमचे गृहिणींस व गृहस्थांस सांगणे साधे आहे. मुलगा किंवा मुलगी कोणत्या गुरूकडे, कोणत्या मंडळात, कोणत्या शिबिरात जाऊ लागली तर तो गुरू कोणत्या जातीचा, कोणत्या देवाचा, किती शिकलेला, हे पाहू नये. तीन गोष्टी पाहाव्या. तेथे प्रश्न विचारणारास मान आहे की लाज? पैशाचा हिशोब दाखवितात की नाही? आणि एकदा गेलेल्यास परत येण्याची मोकळीक आहे की नाही? या तिहींची उत्तरे समाधानकारक असतील तर खुशाल जाऊ द्यावे. एकाचेही नसेल तर भांडू नये, पण विचारणे थांबवू नये. आणि जेवणाच्या पानावर मुलाने काही अडचणीचे विचारले, तर 'मोठ्यांना असं विचारू नये' हे वाक्य निदान एक दिवस तोंडातल्या तोंडात ठेवून पाहावे.

मानवतच्या त्या मुली तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. आमच्याहून पाचसहा वर्षांनी लहान. आज त्या असत्या, तर साठी ओलांडून नातवंडांस गोष्टी सांगत बसल्या असत्या. आज्ञा देणारे म्हणून ज्यांचा संशय घेतला गेला त्यांची नावे पन्नास वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी आहेत; या मुलींची नावे परभणी जिल्ह्याबाहेर फारशी कोणास सांगता यावयाची नाहीत. त्यांपैकी एखादी कधी 'मला कोठे नेता?' असे म्हणाली असेल काय, हे कोणत्याही कागदात नाही. म्हणाली असेल तर तिला उत्तर मिळालेले नाही, आणि ते देण्याची जबाबदारी तेव्हापासून आपल्या सर्वांवर आहे.